एकाच पॅकेजच्या तीन आवृत्त्या का दिसतात, आणि स्क्रिप्टने कोणती विचारावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन ही लिनक्स प्रणाली चालवणाऱ्या एका सर्व्हरवर एकाच पॅकेजविषयी (म्हणजे बसवण्यासाठी बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरविषयी) ‘डीपीकेजी’ या कमांडने एक आवृत्ती सांगितली, ‘ॲप्ट शो’ने दुसरी सांगितली आणि ‘आरमॅडिसन’ने तर एकदम चार-पाच आवृत्त्यांची यादी दिली. यांतली खरी कोणती मानायची, आणि सगळ्या सर्व्हरवरची पॅकेजे नोंदवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये यांपैकी कोणती कमांड घालायची?

तिन्ही उत्तरे खरी आहेत. फरक इतकाच की प्रत्येक कमांड वेगळी वही उघडून तिच्यातली नोंद वाचून दाखवते. कमांडने कोणती वही उघडली हे एकदा नीट लक्षात आले की दिसणारी विसंगती उरत नाही. आणि ते लक्षात न घेता लिहिलेली स्क्रिप्ट कितीही नेटकी असली तरी कधी ना कधी चुकीची माहिती देतेच. म्हणून आधी वह्यांविषयी सांगतो.

पहिली वही म्हणजे या यंत्रावर प्रत्यक्ष बसवलेल्या पॅकेजांची नोंद. डेबियनमध्ये ती ‘व्हार’मधील ‘लिब’मधील ‘डीपीकेजी’ या डिरेक्टरीतल्या ‘स्टेटस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते, आणि कोणत्याही संपादकात उघडून ती वाचता येते. प्रत्येक पॅकेजचा एक परिच्छेद, प्रत्येक ओळीवर रकान्याचे नाव, अपूर्णविराम (:) आणि त्यापुढे माहिती, अशी ती जुन्या ईमेलच्या शीर्षकांसारखी मांडणी आहे. ‘डीपीकेजी’ची ‘स्मॉल एस’ पर्यायाची कमांड आणि ‘डीपीकेजी-क्वेरी’ या दोन्ही हीच वही वाचतात. दुसरी वही म्हणजे रिपॉझिटरीतील, म्हणजे पॅकेजे जिथून उतरवली जातात त्या भांडारातील, सूचीची स्थानिक प्रत. ती ‘व्हार’मधील ‘लिब’मधील ‘ॲप्ट’मधील ‘लिस्ट्स’ या ठिकाणी उतरवलेली असते आणि शेवटचे ‘ॲप्ट अपडेट’ ज्या क्षणी यशस्वी झाले, त्या क्षणापुरतीच ती ताजी असते. ‘ॲप्ट शो’ मुख्यतः या प्रतीतून, आणि त्यातही पुढच्या वेळी बसवली जाईल त्या आवृत्तीची माहिती दाखवते; सगळ्या उपलब्ध आवृत्त्या हव्या असतील तर तिला ‘स्मॉल ए’ हा पर्याय द्यावा लागतो. जुनी ‘ॲप्ट-कॅश शो’ मात्र आपणहूनच सगळ्या दाखवते. तिसरी वही म्हणजे खुद्द दूरवरचे भांडार. ‘आरमॅडिसन’ ही ‘डेव्हस्क्रिप्ट्स’ या संचातली कमांड नेटवर्कवरून त्याला विचारते आणि स्टेबल (स्थिर), टेस्टिंग (चाचणीतली), अनस्टेबल (विकासातली) अशा डेबियनच्या सगळ्या शाखांतल्या आवृत्त्या सांगते, मग त्या शाखा तुमच्या यंत्रावर नोंदवलेल्या असोत वा नसोत. तिच्याशी नावाने मिळतीजुळती असलेली ‘ॲप्ट-कॅश मॅडिसन’ मात्र स्थानिक प्रतीतूनच उत्तर देते. नावातल्या या सारखेपणामुळे अनेकांची गफलत होते. चौथी वही म्हणजे हातात असलेली पॅकेजची फाइल. ती न बसवता ‘डीपीकेजी-डेब’च्या ‘कॅपिटल आय’ पर्यायाने तिच्यातला मेटाडेटा, म्हणजे नाव, आवृत्ती यांसारखी तिच्याविषयीची माहिती, वाचता येतो, आणि बाहेरून आलेली फाइल बसवण्यापूर्वी हे पाहणे मी नेहमीच आवश्यक मानतो.

तुमच्या सर्व्हरवर घडले ते एवढेच : पहिल्या वहीत जुनी आवृत्ती बसवलेली आहे, दुसऱ्या वहीत सुधारित आवृत्ती वाट पाहत आहे, आणि तिसऱ्या वहीत तुमच्याशी संबंध नसलेल्या शाखाही आहेत.

पहिल्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ ही माझ्या मते या सगळ्या संचातली सर्वांत उपयुक्त कमांड आहे. ती बसवलेली आवृत्ती, पुढे निवडली जाणारी आवृत्ती आणि प्रत्येक आवृत्ती कोठून मिळू शकते हे एकत्र दाखवते. शिवाय प्रत्येक स्रोतापुढे एक अंक असतो, ज्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. तो अंक म्हणजे अग्रक्रम. बसवलेल्या आवृत्तीला १००, सर्वसाधारण रिपॉझिटरीला ५००, तुम्ही मुख्य म्हणून ठरवलेल्या शाखेला ९९० आणि ‘एक्सपेरिमेंटल’सारख्या, आपोआप निवडू नये असे सांगणाऱ्या शाखेला १, अशी मूळ मांडणी असते. बॅकपोर्ट्सच्या, म्हणजे स्टेबलसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या आवृत्त्यांच्या, शाखेला १०० मिळतो. म्हणूनच तिथली नवी आवृत्ती आपणहून बसत नाही, पण एकदा मागून घेतली की तिच्या पुढच्या सुधारणा येत राहतात. अग्रक्रम १००० किंवा त्याहून अधिक ठेवला तर ‘ॲप्ट’ आवृत्ती खालीही आणते. ‘नवी आवृत्ती रिपॉझिटरीत दिसते, तरी बसत का नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा या अंकांतच सापडते, आणि त्यासाठी दुसरे काही उपटून पाहण्याची गरज नसते.

आता आवृत्तीच्या क्रमांकाविषयी, कारण खरी गुंतागुंत येथे आहे. डेबियनमधील पूर्ण क्रमांकाचे तीन भाग असतात : अपूर्णविरामापूर्वीचा ‘इपॉक’ नावाचा अंक, मूळ लेखकांनी दिलेला क्रमांक आणि शेवटच्या जोडरेषेनंतरची डेबियनची दुरुस्ती. इपॉक असेल तर तो बाकी सर्वांवर मात करतो. टिल्ड (~) हे चिन्ह कशाच्याही आधी, अगदी रिकाम्या जागेच्याही आधी येते, म्हणून पूर्वप्रकाशनांच्या क्रमांकात ते मुद्दाम वापरतात. आणि १.१० हे १.९ पेक्षा मोठे असते, जे दशांश अपूर्णांकाप्रमाणे किंवा अक्षरक्रमाने तुलना करणाऱ्या स्क्रिप्टला कधीच कळत नाही. तुलना करायची असेल तर ती स्वतः लिहू नये. ‘डीपीकेजी’लाच ‘कंपेअर-व्हर्जन्स’ हा पर्याय आहे, तो दोन क्रमांक आणि त्यांच्यातले अपेक्षित नाते घेतो आणि उत्तर निर्गम-संकेताच्या, म्हणजे कमांड संपताना यश-अपयश सांगणाऱ्या अंकाच्या, रूपाने देतो.

हा केवळ व्याकरणाचा मुद्दा नाही, हे २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्यांना दिसले. ‘एक्सझेड’ या संपीडन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरली असल्याचे अँड्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्चला उघड केले. सुरक्षादोषांच्या ‘सीव्हीई’ या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२४-३०९४ हा तिचा नोंदक्रमांक. डेबियनच्या स्टेबल शाखेत ती पोचली नव्हती, पण टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोचली होती, आणि त्यामुळे ‘आपल्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे’ हा एरवीचा कंटाळवाणा प्रश्न त्या आठवड्यात फार तातडीचा झाला. त्या प्रसंगातून मेटाडेटा वाचण्याविषयी तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली अशी की संशयित प्रोग्रॅमलाच त्याची आवृत्ती विचारू नये. तो चालवावा लागतो, आणि चालवायचा नाही म्हणूनच तर आपण विचारत आहोत. पॅकेजची वही तो प्रोग्रॅम न चालवता तेच सांगते. दुसरी अशी की चोरवाट ‘लिबएलझेडएमए’ या लायब्ररीत होती, आणि डेबियनमध्ये ती लायब्ररी ‘लिबएलझेडएमए५’ या वेगळ्या पॅकेजातून येते. मूळ सोर्स पॅकेजचे, म्हणजे कोडच्या पॅकेजचे, नाव ‘एक्सझेड-युटिल्स’ असले आणि त्याच नावाचे एक बायनरी, म्हणजे प्रत्यक्ष बसवायचे तयार, पॅकेजही असले, तरी विचारायला हवे होते ते लायब्ररीच्या पॅकेजविषयी. सोर्स पॅकेज आणि त्यातून तयार होणारी बायनरी पॅकेजे यांतला हा भेद सुरक्षेच्या कामात पदोपदी लागतो, कारण सुरक्षेच्या नोंदी सोर्स पॅकेजच्या नावाने ठेवलेल्या असतात आणि यंत्रावर बसलेली असतात ती बायनरी पॅकेजे.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे. दोष काढून टाकण्यासाठी डेबियनने जुना कोड पुन्हा आणला, पण भांडारातला क्रमांक मागे नेता येत नाही, नाहीतर ज्यांच्याकडे दोषयुक्त आवृत्ती आहे त्यांची यंत्रे ती बदलणारच नाहीत. म्हणून नव्या पॅकेजला ५.६.१+रिअली५.४.५-१ असा क्रमांक दिला गेला. दिसायला तो ५.६.१ ने सुरू होतो, पण आतला कोड ५.४.५ चा. केवळ सुरुवातीचे अंक जुळवणारी स्क्रिप्ट असे सुधारलेले यंत्र दोषी ठरवेल आणि सांभाळणाऱ्याला उगाच धावपळ करायला लावेल. इपॉक वाढवूनही हेच साधले असते, परंतु एकदा वाढवलेला इपॉक पुढे कधीच काढता येत नाही, म्हणून पॅकेज सांभाळणारे लोक तो शक्य तोवर टाळतात.

याच कारणाने, ‘मूळ प्रकल्पाने अमुक आवृत्तीत दोष दुरुस्त केला, आमच्याकडची आवृत्ती त्याहून जुनी आहे, म्हणजे आम्ही असुरक्षित आहोत’ हा तर्क स्थिर वितरणांच्या बाबतीत चालत नाही. तेथे दुरुस्ती जुन्या आवृत्तीवर मागे आणून लावली जाते आणि मूळ क्रमांक तसाच ठेवून शेवटी ‘+डेब१२यू१’ यासारखी खूण जोडली जाते. खरे काय झाले ते ‘ॲप्ट चेंजलॉग’ने दिसणाऱ्या बदलांच्या नोंदीत वाचावे, तेथे सीव्हीईचे क्रमांक सहसा स्पष्ट लिहिलेले असतात.

मेटाडेटावर विश्वास किती ठेवावा, हेही या ओघात सांगायला हवे. डेबियनच्या भांडारात शाखेच्या मुख्य फाइलीवर स्वाक्षरी असते, त्या फाइलीत पॅकेजांच्या सूचीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो आणि सूचीत प्रत्येक पॅकेजच्या फाइलीचा हॅश असतो. ही साखळी तुटली नसेल तर वाटेत कोणी फेरफार केलेला नाही, एवढे नक्की म्हणता येते. रकान्यात लिहिलेला मजकूर बरोबर आहे, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. वर्णन आणि संकेतस्थळाचा पत्ता माणसाने लिहिलेला असतो. ‘इन्स्टॉल्ड-साइझ’ हा रकाना १०२४ बाइटच्या एककात दिलेला अंदाज असतो, आणि प्रोग्रॅम चालल्यावर तयार होणारा डेटा त्यात धरलेला नसतो. परवान्याचा रकाना तर डेबियनच्या पॅकेजात नसतोच. त्यासाठी ‘युएसआर’मधील ‘शेअर’मधील ‘डॉक’मध्ये पॅकेजच्या नावाच्या डिरेक्टरीतली ‘कॉपीराइट’ फाइल वाचावी लागते.

आता स्क्रिप्टकडे येतो. ‘ॲप्ट’ ही कमांड २०१४ मध्ये तिच्या १.० आवृत्तीपासून माणसांच्या सोयीसाठी पुढे आली, आणि तिचे आउटपुट पाइपमधून पुढे दिले की ती स्वतःच सूचना करते की तिच्या कमांड-ओळीचे स्वरूप स्थिर नाही, ते पुढे बदलू शकते. ती सूचना गांभीर्याने घ्यावी. ‘डीपीकेजी’ची ‘स्मॉल एल’ पर्यायाची यादीही डोळ्यांसाठी आहे. टर्मिनल अरुंद असेल तर ती लांब नावे आणि आवृत्त्या कापते. स्क्रिप्टसाठी बनवलेली कमांड म्हणजे ‘डीपीकेजी-क्वेरी’, तिचा ‘कॅपिटल डब्ल्यू’ पर्याय आणि त्यासोबत ‘स्मॉल एफ’ने दिलेला साचा. साच्यात तुम्हाला हवे ते रकाने हव्या त्या क्रमाने, टॅबने वेगळे करून मागता येतात. माझ्या साच्यात सहा गोष्टी असतात : पॅकेजचे नाव, आर्किटेक्चर, आवृत्ती, सोर्स पॅकेजचे नाव, सोर्सची आवृत्ती आणि स्थिती. सोर्सचे दोन रकाने अनेक जण गाळतात, पण बायनरी आणि सोर्स यांचे क्रमांक नेहमी सारखे नसतात. केवळ पुन्हा बांधणी केलेल्या पॅकेजच्या शेवटी ‘+बी१’ लागते, सोर्सला ते नसते, आणि सुरक्षेच्या नोंदींशी ताळा घालताना तेवढ्यानेही जुळणी चुकते.

स्थितीचा रकाना का हवा, हे विशेष लक्षात घ्या. पॅकेज काढून टाकले पण त्याच्या सेटिंगच्या फाइली ठेवल्या, तर त्याची नोंद वहीतून जात नाही. ‘स्मॉल एस’ने विचारले तर कमांड यशाचाच निर्गम-संकेत देते, आणि ‘कमांड यशस्वी म्हणजे पॅकेज बसलेले’ असे गृहीत धरणारी स्क्रिप्ट काढून टाकलेली पॅकेजेही यादीत घेते. ‘डीबी:स्टेटस-स्टेटस’ या रकान्यात नेमका ‘इन्स्टॉल्ड’ हाच शब्द आहे की नाही, ते तपासावे. ‘कॉन्फिग-फाइल्स’ असेल तर त्या पॅकेजचा प्रोग्रॅम यंत्रावर उरलेला नाही.

उपलब्ध आवृत्तीसाठी ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ स्क्रिप्टमध्ये वापरायची वेळ आलीच, तर तिच्या आधी ‘एलसी-ऑल’ हे भाषा ठरवणारे चल ‘सी’ असे ठरवून द्यावे. हे मी अनुभवाने सांगतो आहे. एका कामात माझी नोंद घेणारी स्क्रिप्ट ‘इन्स्टॉल्ड’ हा इंग्रजी शब्द शोधून त्यापुढची आवृत्ती उचलत असे. काही यंत्रांची भाषा जर्मन ठेवलेली होती, तिथे तो शब्द अनुवादित होऊन येई, जुळणी होत नसे, आणि रकाना मुकाट्याने रिकामा राही. रिकामा रकाना म्हणजे ‘पॅकेज नाही’ असा अर्थ पुढच्या टप्प्यात घेतला गेला. जवळजवळ एक संपूर्ण तिमाही ती यंत्रे सुधारणांच्या यादीबाहेर राहिली. तेव्हापासून काही न सापडणे आणि पॅकेज नसणे या दोन उत्तरांना मी नोंदीत कधीही एकच चिन्ह वापरत नाही, आणि सूची शेवटची केव्हा ताजी झाली ती वेळही प्रत्येक नोंदीसोबत ठेवतो. ‘आरमॅडिसन’ मात्र प्रत्येक सर्व्हरवरून चालवू नये. ती सार्वजनिक सेवेला विचारते, आणि एका यंत्रावरून एकदा विचारून मिळालेले उत्तर सगळ्यांना पुरते.

एखादी फाइल कोणत्या पॅकेजची, हा उलटा प्रश्न ‘डीपीकेजी’च्या ‘कॅपिटल एस’ पर्यायाने सुटतो, पण त्यातही खाचाखोचा आहेत. डेबियन १२ मध्ये ‘बिन’ ही डिरेक्टरी ‘युएसआर’मधल्या ‘बिन’कडे वळवलेली असली, तरी ‘एलएस’ या कमांडची नोंद वहीत जुन्याच मार्गाने आहे, म्हणून पूर्ण नवा मार्ग दिला की ‘असा मार्ग सापडला नाही’ असे उत्तर येते. सुरुवातीचा भाग सोडून ‘बिन’ आणि पुढचे नाव एवढेच दिले तर नोंद सापडते. बसवल्यानंतर तयार झालेल्या फाइली आणि ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने केलेल्या जोडण्या या वहीत नसतातच. अजून न बसवलेल्या पॅकेजांतही फाइल शोधायची असेल तर ‘ॲप्ट-फाइल’ बसवावे. तिची स्वतःची सूची असते आणि तीही ताजी करावी लागते.

तुमच्या सर्व्हरांत काही आरपीएमवर, म्हणजे रेड हॅट, फेडोरा यांसारख्या वितरणांच्या पॅकेज-पद्धतीवर, चालणारे असतील तर वह्या त्याच, नावे वेगळी. ‘आरपीएम’ची ‘स्मॉल क्यू’ बसवलेली नोंद वाचते, तिला ‘पी’ जोडले की हातातली फाइल वाचते, आणि रिपॉझिटरीविषयी विचारायला ‘डीएनएफ रेपोक्वेरी’ असते. साच्यासाठी ‘क्वेरीफॉरमॅट’ हा पर्याय आहे, आणि ‘क्वेरीटॅग्ज’ने उपलब्ध रकान्यांची पूर्ण यादी मिळते, येथे परवान्याचा रकानाही सापडतो. एकच सावधगिरी : साधी ‘स्मॉल क्यू’ इपॉक दाखवत नाही, म्हणून तुलना करायची असेल तर साच्यात तो आठवणीने मागावा.

शेवटी, या सगळ्या वह्यांत जे कधीच सापडणार नाही, त्याविषयी. पायथनच्या ‘पिप’ने किंवा जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ने बसवलेले काहीही ‘डीपीकेजी’ला माहीत नसते, त्यामुळे केवळ वरची स्क्रिप्ट चालवून ‘सर्व्हरवरचे सगळे सॉफ्टवेअर नोंदवले’ असे म्हणता येणार नाही. ‘पिप शो’ ज्या पायथनसोबत चालते त्याच पर्यावरणातले, म्हणजे त्या पायथनच्या स्वतंत्र संचातले, पॅकेज वाचते, म्हणून ‘पिप’ थेट न चालवता हव्या त्या पायथनला ‘डॅश एम’ देऊन चालवावे, पायथन ३.८ पासून ‘इम्पोर्टलिब’मधील ‘मेटाडेटा’ हे मॉड्यूल हीच माहिती प्रोग्रॅममधूनही देते. पॅकेजचे नाव आणि कोडमध्ये इम्पोर्ट करायचे नाव वेगळे असू शकते, हेही लक्षात ठेवा : ‘पिलो’ बसवतात आणि ‘पीआयएल’ इम्पोर्ट करतात, ‘पायवायएएमएल’ बसवतात आणि ‘यॅमल’ इम्पोर्ट करतात. ‘पिप सर्च’ शोधत बसू नका. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडाराने त्यामागची सेवा असह्य भारामुळे २०२० च्या डिसेंबरमध्ये बंद केली. ‘एनपीएम व्ह्यू’ रजिस्ट्रीला विचारते आणि क्रमांक न दिल्यास ‘लेटेस्ट’ या खुणेची आवृत्ती सांगते. तुमच्या प्रकल्पात काय बसले आहे ते ‘एनपीएम एलएस’ सांगते. दोघींनाही ‘जेसन’ पर्याय दिला की स्क्रिप्टला वाचण्याजोगे उत्तर मिळते. पायथनच्या बाजूला ‘पिप इन्स्पेक्ट’ हे काम करते आणि एका पर्यावरणातला सगळा मेटाडेटा जेसनमध्ये देते. तुमच्या स्क्रिप्टने प्रत्येक सर्व्हरवरची अशी पर्यावरणे आधी शोधावीत, मग प्रत्येकात ती एकदा चालवावी, आणि मिळालेली यादी डीपीकेजीच्या यादीत न मिसळता तिच्याशेजारी, कोणत्या पायथनच्या पर्यावरणातून ती आली त्या मार्गासह ठेवावी.